घरात माणसं किती

सोमवार, ३ मार्च

मिळालं! एकसष्टाव्या वर्षी पुन्हा गळ्यात ओळखपत्र! फोटोत मी अट्टल चोर दिसते आहे, पण असू दे. खाली ठसठशीत छापलंय, ‘प्रगणक’. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर लोकसंख्येचे मनोरे काढले, खाली रुंद आणि वर निमुळते, आणि प्रत्यक्षात एकही माणूस कधी मोजला नाही. आता मोजणार. आमचा वॉर्ड, शहाण्णव बंगले, दोन आठवडे.

सकाळी नगरपालिकेत प्रशिक्षण झालं. आमच्या पर्यवेक्षकांना रिकामा रकाना दिसला की पोटात दुखतं. “रेघ नको, ठिपका नको, शून्य लिहा शून्य!” त्यांचं नाव मी तिथल्या तिथे शून्यसाहेब ठेवलं. त्यांनी एक नियम घोटून घेतला: माणूस गेले सहा महिने जिथे झोपतं तिथेच त्याला मोजायचं, त्याच्या कागदपत्रांवर पत्ता काही का असेना. शिवाय एका घरातलं दुसऱ्या घरात सांगायचं नाही, अशी हात वर करून शपथ दिली. म्हणून या वहीतही घरांचे नंबर लिहिणार नाही. तशी ही वही वाचणार कोण म्हणा. ह्यांना माझं घाईचं अक्षर लागत नाही.

शुभारंभ आपल्याच घरापासून. दोन मिनिटांत फॉर्म भरून झाला. हे, मी आणि सासूबाई, एकूण तीन. सासूबाई चाकांच्या खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, “पाच लिही.”

“आई, तीनच आहोत आपण.”

“पाच,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. शहाऐंशी वर्षं झाली, अधूनमधून धागा सुटतो हल्ली. वाईट वाटलं. मग ताईला हाक मारली. ताई म्हणजे सासूबाईंचं सगळं करणारी. चार वर्षं झाली, आमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहते, पोरगी गुणाची आहे. तिनं खुर्ची आत नेली आणि मी उद्याची पेन्सिल तासून ठेवली.

बुधवार, ५ मार्च

बत्तीस घरं झाली! पाय दुखतायत, पण काय मजा येतेय म्हणून सांगू. आमच्या बंगल्यांच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, त्यामुळे दारं पटापट उघडतात. काही जण मला बघून आधी कुत्र्याचा पट्टा शोधतात. सोसायटीचे सगळे नियम माझ्याच हातचे ना, पट्ट्यापासून कचऱ्यापर्यंत.

आज कप्तानांकडे गेले होते. जहाजावरून निवृत्त झालेले, बायको गेलेली, घर आरशासारखं. “माणसं तीन,” म्हणाले. “मी आणि दोन मुलगे.”

मुलगे परदेशात आहेत, हे साऱ्या गावाला ठाऊक. मी म्हटलं, “कप्तान, ते इथे झोपतात का?”

“त्यांच्या खोल्या तयार आहेत.” उठून मला दाखवल्या. पलंगांवर स्वच्छ चादरी, पायाशी घडी घातलेले टॉवेल. मी पेन्सिल हातात धरून उभी. “शेवटी कधी आले होते?” म्हटलं, तर ते घड्याळाकडे बघायला लागले. चार वर्षं झाली. नियम म्हणजे नियम, दोन्ही नावं खोडली आणि ‘एक’ लिहिलं. त्यांनी फाटकापर्यंत सोडलं, पण चेहरा पडला होता. असे खोडावे लागलेले मुलगे-मुली आजपर्यंत एकोणीस झाले. लोक आपल्याच घरातली माणसं चुकीची सांगतात, कमाल आहे!

शुक्रवार, ७ मार्च

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून वॉर्डाचा मनोरा काढला. तो उलटाच निघाला! वर सत्तरी-ऐंशीची रुंद ओळ, खाली येता येता निमुळता, आणि तळाशी, पाच वर्षांखालच्या ओळीत, अर्ध्या वॉर्डात मिळून चार पोरं. आपलं गाव एवढं सुखवस्तू, झाडं, बागा, स्वच्छ रस्ते, आणि पाय नाहीत त्याला. हे माझ्या मागून डोकावून म्हणाले, “भोवरा आहे हा.”

तेवढ्यात बडबडीचा फोन. बडबडी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. बोलते म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभी करायची, ती आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. आज एका वाक्यात थांबली, तेव्हाच मी ओळखलं. पहिलीसाठी निदान वीस नावं हवीत. वीस तारखेला पाचपर्यंत नाही भरली, तर पहिलीचा वर्ग बंद, आणि मग एकेक वर्षानं सगळी शाळाच. तिच्याकडे सहा आहेत.

“बाई, तुम्ही घरोघर जाताय,” ती म्हणाली. “कुठे मुलं दिसतात का हो?”

मी तिला म्हटलं, अर्धा वॉर्ड बाकी आहे, धीर धर. त्या शाळेच्या घंटेवर मी एकतीस वर्षं जगले.

रविवार, ९ मार्च

मोजणीला सुट्टी, म्हणून घरात लक्ष घातलं. घातलं तेच बरं झालं, कारण घराची पार दैना आहे. दूध पुरत नाही. दोन पिशव्या येतात आणि संध्याकाळी पातेलं कोरडं! हे उभ्या उभ्या गटागटा पितात, माझी खात्री आहे. डॉक्टरांनी त्यांना साय वर्ज्य सांगितली आहे. विचारलं तर म्हणाले, “असेल, असेल,” आणि बागेत पळाले. गुन्हेगार माणूस.

धुण्यात एक मोजा निघाला, माझ्या अंगठ्यावर बसेल एवढा. वाऱ्यानं कुणाच्या तरी गच्चीवरून आला असणार. खांबाला अडकवून ठेवला होता, गेला पुन्हा कुठेतरी.

पण खरी काळजी सासूबाईंची. दुपारी एक ते चार त्यांची झोप असते, दार बंद, आत जायचं नाही असा त्यांचा दंडक. आज मी दारावरून गेले तर आतून त्यांचा आवाज. बे एके बे, बे दुणे चार. मग थांबल्या, आणि कौतुकानं म्हणाल्या, “शाब्बास!” स्वतःलाच! मला रडूच आलं. एवढी करारी बाई. ताईला म्हटलं, आई एकट्याच बोलतात गं, तुझ्या लक्षात आलंय का? ताईचं तोंड एवढंसं झालं. तिचाही जीव आहे त्यांच्यावर.

मंगळवार, ११ मार्च

अपमान! शून्यसाहेबांनी माझा गठ्ठाच्या गठ्ठा परत केला.

“बाई, अक्षर सुंदर आहे,” म्हणाले. “पण मला एक सांगा. रोज सकाळी हमरस्त्यावरून वीस-पंचवीस चाकांच्या खुर्च्या जातात. त्या कोण ढकलतं?”

“मदतनीस ढकलतात.”

“ते झोपतात कुठे?”

शहाण्णव घरांच्या आडनावांखाली मी मालकांचीच माणसं लिहिली होती. स्वयंपाकी, ड्रायव्हर, सांभाळणाऱ्या बाया, कुणी म्हणून कुणी नाही. मालकांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात माणसं किती, तर जेवायला टेबलाशी बसतात तेवढी! आणि मी स्वतः ताईला हाक मारून खुर्ची आत न्यायला सांगते आणि फॉर्मवर ‘तीन’ लिहून पेन्सिल तासते. कपाळावर हात मारून घेतला. वर सासूबाईंनी पाच म्हटलं तर त्यांना वेड्यात काढलं. अर्थात पाचही चूकच, चार व्हायला हवेत.

उद्यापासून पुन्हा सगळी घरं. या खेपेला मागच्या दारानं जायचं, जिने चढून गॅरेजवरच्या खोल्यांपर्यंत.

बुधवार, १२ मार्च

घरात आल्या आल्या वही उघडली.

पहिली खोली एका स्वयंपाक्याची. दार बोटभर उघडलं. “मी एकटाच,” म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी शिंकलं. तो आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पुन्हा शिंक आली.

मी ओळखपत्र पुढे केलं आणि शपथेचं सांगितलं. हे मालकाला कळणार नाही, शेजाऱ्याला नाही, सोसायटीला तर नाहीच नाही. तो म्हणाला, “पण सोसायटी म्हणजे तुम्हीच की.” मी म्हटलं, “आत्ता मी सरकार आहे.” मग दार उघडलं. आत त्याची बायको, आणि पलंगाखालून आली एक पाच वर्षांची मुलगी, नाक पुसत. दहा महिन्यांपासून इथेच राहते. अख्खे दहा महिने, आणि खालच्या मालकाला पत्ता नाही!

संध्याकाळपर्यंत नऊ खोल्या आणि चार पोरं. गावाला पाय आहेत! फक्त ते लपवून ठेवलेत.

शनिवार, १५ मार्च

पहिलीच्या वयाची अकरा! लहान-मोठी धरून चौतीस. मनोऱ्याची खालची ओळ रोज रुंद होते आहे आणि मी रस्त्यानं चालताना एकटीच हसते. कुठल्या खोलीत पोरं कागद फाडून खेळतात, कारण त्याचा आवाज होत नाही. कुठे रेडिओ मोठा लावून त्याच्या आड हसतात. शाळेत एकालाही घातलेलं नाही. नाव घालायचं तर पत्ता द्यावा लागतो, आणि पत्ता दिला तर मालकाला कळतं.

माझा राग नुसता उसळतोय. कसली माणसं ही! ज्यांच्या हातचं खायचं, ज्यांनी आपल्या आईबापांना आंघोळ घालायची, त्यांनी पोरं पलंगाखाली ठेवायची? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? मी स्वयंपाक्याच्या बायकोला हेच विचारलं. तिनं ट्रंकेतून कागद काढला. नेमणुकीच्या अटी, सगळ्या बंगल्यांत हाच कागद देतात म्हणे. कलम सात: ‘निवासी मदतनिसांनी खोलीत मुले ठेवू नयेत. शांतता हे आपल्या परिसराचे वैभव आहे. कृपया सहकार्य करावे.’

भाषा ओळखीची वाटली. ‘शांतता हे वैभव’ माझं आहे. सहा वर्षांपूर्वी सोसायटीसाठी मीच मसुदा केला होता, आणि त्या वाक्यावर सभेत टाळ्या पडल्या होत्या.

खाली उतरताना कठडा धरून उतरले. पण एक आहे. मी ते सर्वसाधारण शिस्त म्हणून लिहिलं होतं. लोक ते असं राबवतील, हे मला काय ठाऊक? आणि आमची गोष्ट वेगळी आहे. आमच्या घरी आजारी माणूस आहे, आमच्याकडे खरोखरच शांतता लागते. ताईलाही त्याचं काही वाटलेलं नाही, तिची मुलगी गावाला तिच्या आजीकडे असते.

बडबडीला काही सांगता येत नाही. अकरा पोरं माझ्या पिशवीत आहेत आणि जीभ शपथेनं बांधलेली. ती फोनवर म्हणाली, “अजून सहाच आहेत हो बाई.” मी म्हटलं, “हं.”

सोमवार, १७ मार्च

ताईची खोली शेवटी ठेवली होती. एकटा जीव, पाच मिनिटांचं काम. दुपारी दोनला फॉर्म घेऊन जिना चढले. ताई कपडे घडी करत होती. मी मुद्दाम सरकारी आवाजात विचारलं, “बोला, या खोलीत किती जणं राहतात?”

तिची घडी थांबली. मी हसले, “अगं, एक म्हण की!”

तिच्या हातात एक छोटा फ्रॉक होता.

मला कसं कळलं नाही, हे आता लिहिताना कळत नाही. ताईची आई गेल्या जुलैत गेली. ताई चार दिवसांनी परत आली, तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले की आता गावाला कुणी उरलं नाही, म्हणजे सुट्ट्याही लागायच्या नाहीत. हे मी बोलले. आजीकडे राहणारी ती मुलगी आजी गेल्यावर कुठे गेली, हे मी विचारलं नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही.

खरं लिहायचं तर मला आधी रागच आला. माझ्या घरात, माझ्या डोक्यावर, मला न सांगता! “कुठे आहे ती?” म्हटलं. ताईनं खाली बोट दाखवलं.

मी सासूबाईंच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. त्या पलंगावर बसलेल्या, आणि त्यांच्या पायाशी पाटी घेऊन एक मुलगी. वेण्या घट्ट, पायात मोजे. मला बघून ती उठली आणि आवाज न करता पलंगाखाली जायला लागली. सराव होता तिला.

“बस गं इथेच,” सासूबाई तिला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “मी पाच सांगितले होते. तुला वाटलं म्हातारी चळली.”

मागे हे येऊन उभे. “मला ऑक्टोबरपासून माहीत होतं,” म्हणाले. “दूध तीच पिते.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू सेक्रेटरी आहेस,” हे म्हणाले. चेष्टेनं म्हणाले नाहीत.

ताई जिन्यावरून धावत आलेली, धापा टाकत. “काकू, शनिवारपर्यंत खोली रिकामी करते. तेवढे दिवस द्या. आजींची औषधं मी कागदावर लिहून ठेवते, नव्या बाईला सोपं जाईल.”

मी तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. कुणी जवळ आलं नाही. थोड्या वेळानं ती मुलगी आली आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवून कुजबुजली, “बेचा मला पूर्ण येतो.” पाच वर्षं तीन महिन्यांची आहे. कुजबुजतच बोलते. मोठ्यानं बोलायला सांगितलं तर आईकडे बघते.

ताईला म्हटलं, “तू कुठेही जायचं नाहीस. तीही नाही.” ती मान हलवत राहिली, पण विश्वास बसला नव्हता. कसा बसेल? माझ्याच सहीचा कागद तिच्या ट्रंकेत आहे.

मंगळवार, १८ मार्च

सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि मी तशीच ओल्या केसांनी टेबलाशी येऊन बसले. दुसऱ्यांच्या घरचं सांगायची मला बंदी. पण आपल्या घरचं? आणि सेक्रेटरीनं आपलं कलम मागे घ्यायला कुणाची बंदी?

ताईला आधी विचारलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “लिहा. पण काकू, माझं नाव असेल तिथे तुमचंही असू द्या.”

नोटीस लिहिली आणि शहाण्णव पेट्यांत स्वतः टाकली. ‘कलम सात मी लिहिले होते. ते चूक होते. अध्यक्षांच्या संमतीने ते आजपासून रद्द आहे. आमच्या घरात आठ महिने एक पाच वर्षांची मुलगी राहते, हे मला काल कळले. तिला शांत बसायची सवय आम्ही लावली, याची मला लाज वाटते. परवा सकाळी नऊ वाजता ती, तिची आई आणि मी शाळेत नाव घालायला चालत जाणार आहोत.’ सही.

त्याआधी सोसायटीचे अध्यक्ष फोनवर तासभर ओरडले. मी म्हटलं, तुमच्या आईंची खुर्ची उद्यापासून तुम्ही ढकला, मग बोलू. मग त्यांनी संमती दिली. काय हलकं वाटतंय! आणि भीती तर अशी, की पाचावर धारण बसली आहे. कुणी आलंच नाही तर?

गुरुवार, २० मार्च

नीट क्रमानं लिहिते, नाहीतर घोळ होईल.

नऊला निघालो. ताई, मुलगी, मी, आणि हट्टानं सासूबाई, हे खुर्ची ढकलतायत. हमरस्त्यानं गेलो, मुद्दाम मधोमध. त्या वेळी सगळ्यांच्याच खुर्च्या बाहेर असतात. सगळे मदतनीस बघत होते. मुलगी माझं बोट एवढं घट्ट धरून चालत होती की अंगठी रुतली.

शाळेत बडबडीनं अर्ज पुढे केला. “पत्ता?” ताईनं माझ्याकडे बघितलं. मग आमच्या बंगल्याचा नंबर सांगितला आणि हळूच म्हणाली, “वरची खोली.” बडबडीनं लिहिलं. सात.

साडेदहा, अकरा, साडेअकरा झाले तरी फाटकात काळं कुत्रं नाही. बडबडी एक शब्द बोलत नव्हती, म्हणजे किती घाबरली होती बघा. मी फेऱ्या घालून सतरंजी झिजवली. मला वाटलं, संपलं. मुलं शाळेत आलीच नाहीत, आणि त्यांच्या आयांना मात्र मी मालकांपुढे उघडं पाडलं.

बाराला फाटक वाजलं. कप्तान! काठी, इस्त्रीचे कपडे, आणि दुसऱ्या हाताला एक मुलगी, नाक पुसत. मागे त्यांचा स्वयंपाकी आणि त्याची बायको, दोघांचे डोळे सुजलेले.

“नोटीस वाचली,” कप्तान म्हणाले. “याला विचारलं, तर हा रडायलाच लागला. दहा महिने माझ्या घरात लहान मूल आहे आणि मला कुणी सांगत नाही! तुम्हाला माहीत होतं?”

“शपथ होती, कप्तान.”

“माझ्या घरात एकच माणूस लिहून गेला होतात तुम्ही.”

“दुसऱ्या फेरीत दुरुस्त केलंय. चार आहेत.”

“चार,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून राहिले, घरी जायचं नावच घेईनात.

मग मात्र धरबंध राहिला नाही. एक ड्रायव्हर युनिफॉर्ममध्येच आला, खांद्यावर मुलगा. एक सांभाळणारी बाई आली ती खुर्चीतल्या आजोबांना घेऊन, आणि पोरगी आजोबांच्या मांडीवर! काही मालक सोबत आले, काहींनी नुसतं पाठवलं, आणि एक बाई मालकिणीशी भांडून आली, तसं फाटकातूनच ओरडून सांगत. माझ्या अकरांतली दोन आली नाहीत, मी वाट बघत राहिले. पण दुसऱ्या वॉर्डांतली आली, जी माझ्या यादीत कधी नव्हतीच. नोटीस तिथपर्यंत कुणी नेली, देव जाणे. तीन वाजता विसावा आकडा लागला आणि बडबडीनं मला मिठी मारून वर्गभर नाचवलं.

तेवढ्यात अर्ज संपले. तिनं आणलेच होते वीस, तेही आशेपोटी. बाहेर अजून रांग. मी म्हटलं, कोरे कागद आण आणि पट्टी दे. बाकावर बसून रकाने आखायला लागले. नाव, वय, आईचं नाव, पत्ता. हात भरून आला, पण थांबायचं मनात नव्हतं.

रांगेतली एक जण बाकाशी वाकली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, कुठल्या जिन्यावरची कोण जाणे. मुलाला पुढे ढकलून तिनं विचारलं, “बाई, पत्ता मालकांचा घालू का गावचा?”

मी म्हटलं, “तुम्ही राहता कुठे?”

तिनं सांगितलं आणि मी ते लिहिलं.